स्ट्रायकर एकटा नसतो, एकटा पाडला जातो

पिरनवाडीच्या नाक्यावर रस्ता फुटतो. एक फाटा खानापूर-लोंढ्यावरून अनमोड घाट उतरतो, दुसरा जांबोटीवरून चोर्ला घाट धरतो. दोन्ही शेवटी गोव्यातच पोचतात. मागे बेळगाव शहर ओलांडले की महामार्ग एका हाताला कोल्हापूरकडे आणि दुसऱ्या हाताला बेंगळुरूकडे जातो. फुटबॉलच्या दृष्टीने ही जागा मोक्याची आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची तालीम-मंडळांची ईर्षा, गोव्याच्या फातोर्ड्यातला पायातल्या पायात फिरणारा खेळ आणि बेंगळुरूच्या कांतीरवावरचा व्यावसायिक शिस्तीचा खेळ, हे तिन्ही इथल्या मुलांच्या बोलण्यात असतात. पण एका प्रश्नावर या तिन्ही वाटांवरचे जाणकार एकमुखाने बोलतात. संघाने पुढे एकच स्ट्रायकर ठेवला आणि गोल झाला नाही, की निकाल ठरलेला: ‘पुढे एकटा ठेवलाय, गोल होणार कुठून?’

हे मत चुकीचे आहे असे मला वाटते. ते नुसते चुकीचे असते तर सोडून देता आले असते. पण या मतापायी दरवर्षी चांगली पोरे वाया जातात. कुणाला ‘अंगाने कमी’ म्हणून कडेला ढकलले जाते, कुणाला ‘गोल करत नाही’ म्हणून बसवले जाते. म्हणून हे मत नीट मांडून मग खोडले पाहिजे.

पूर्वपक्ष

या मताची तीन अंगे आहेत. पहिले, एक स्ट्रायकर ही बचावाची, भीतीची मांडणी आहे. पुढे दोन आले की गोल वाढतात. दुसरे, एकटाच ठेवायचा असेल तर तो उंच, धिप्पाड, दोन स्टॉपरना खांद्यावर घेणारा हवा. तिसरे, त्या एकट्याचे मोल त्याच्या गोलांवरून करायचे.

यामागचा पुरावा हलका नाही. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात इगोर स्टिमाच यांचा भारतीय संघ बहुतांश ४-२-३-१ अशा ठेवणीने खेळला आणि पुढे सुनील छेत्री होता. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामन्यांत भारताचा एकही गोल नाही. त्याआधीच्या, २०१९ च्या आशियाई चषकात स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी ४-४-२ वापरून छेत्रीच्या जोडीला आशिक कुरुनियन दिला होता, आणि ६ जानेवारीला भारताने थायलंडला ४-१ असे हरवले. आपल्या भागातले उदाहरण द्यायचे तर कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे देता येईल. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारताच्या आघाडीला तो होता. तो पाठीवर बचावपटू घेऊन लढला आणि भारत ०-३ हरला. दोन असते तर चित्र वेगळे दिसले असते, असे हा पक्ष म्हणतो.

पुरावा पुरता वाचला तर

२०१९ चा थायलंडविरुद्धचा सामना सर्वांना आठवतो, पण त्यानंतरचे दोन सामने कुणी काढत नाही. तोच प्रशिक्षक आणि तीच दोन आघाडीवीरांची धारणा. संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध ०-२. बहारीनविरुद्ध भरपाई वेळेत दिलेल्या पेनल्टीवर ०-१. दोन सामन्यांत शून्य गोल. दोन स्ट्रायकर हा गोलांचा उपाय असेल तर तो एकाच सामन्यापुरता का चालला?

आता उलट बाजू. जून-जुलै २०२३ मध्ये याच स्टिमाच यांच्या, पुढे छेत्री असलेल्या भारताने भुवनेश्वरला आंतरखंडीय चषकाच्या अंतिम सामन्यात लेबननला २-० हरवले, बेंगळुरूच्या सॅफ स्पर्धेत पाकिस्तानला ४-० हरवले आणि ती स्पर्धाही जिंकली. सॅफमध्ये छेत्रीचे पाच गोल होते, पाकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक होती. मांडणी तीच, खेळाडू तोच, आणि सहा महिन्यांनी गोलांची पाटी कोरी. म्हणजे फरक मांडणीच्या आकड्यात नव्हता.

मग कशात होता? प्रतिस्पर्धी फार वरच्या दर्जाचे होते, हे आधी मान्य करू. पण दुसरेही कारण आहे. लेबननविरुद्धचा पहिला गोल पाहा. उजव्या बाजूने निखिल पुजारीने विंगर छांगटेला मोकळे केले, छांगटेने आडवा चेंडू दिला आणि छेत्रीने तो आत सारला. सॅफच्या अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध छेत्रीने मधल्या फळीतल्या सहलला सोडले, सहलने गोलसमोर आडवा दिला, छांगटेने संपवले. दोन्ही वेळा स्ट्रायकरच्या हाकेच्या अंतरावर दोघे-तिघे होते. २०२४ ला कतारमध्ये ही साखळीच तुटलेली होती. आशिक गुडघ्याच्या दुखापतीने आधीच बाहेर होता. सहल दुखापतीमुळे पहिल्या दोन सामन्यांत उतरूच शकला नाही. शिवाय ऑस्ट्रेलिया आणि उझबेकिस्तान यांनी भारताला स्वतःच्या डीपाशी दाबून ठेवले. छेत्रीच्या शेजारी आणखी एक उभा केला असता तर तोही तितकाच दूर उभा राहिला असता.

अनिकेतच्या विश्वचषकातूनही हेच दिसते. त्या स्पर्धेत भारताचा एकमेव गोल झाला तो कोलंबियाविरुद्ध, ८२ व्या मिनिटाला, कॉर्नरवर, जॅक्सन सिंगच्या डोक्याने. जॅक्सन स्ट्रायकर नव्हे, मधल्या फळीतला. कॉर्नरला काय होते? मागची मुले वर येतात आणि डीमध्ये एकाच्या जागी पाच-सहा जण असतात. चालू खेळात भारताला जे जमत नव्हते, म्हणजे माणसे पुढे पोचवणे, ते थांबलेल्या चेंडूवर आपोआप जमले.

पुढचा आकडा घटला म्हणून गोल घटले का?

आपल्याकडचे जुने खेळाडू अजूनही ‘राइट आउट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आउट’ अशी पाच नावे ओळीने म्हणतात. २-३-५ च्या काळाची ती आठवण आहे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. आक्रमकापुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागले. गोल वाढले, म्हणून आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बॅक केला आणि दोन्ही ‘इन’ थोडे खाली आणले. कागदावर पाच फॉरवर्ड राहिले, मैदानावर तीनच पुढे राहिले.

२५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ हरवले. त्या दिवशी हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड नांदोर हिदेगकुटी जागेवर थांबतच नव्हता. तो खाली उतरायचा. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टनपुढे पेच होता: मागोमाग जावे तर मध्ये भगदाड, न जावे तर हिदेगकुटी मोकळा. हिदेगकुटीने हॅटट्रिक केली. त्या वेळी सर्वांत पुढे उभी राहणारी माणसे कमी झाली होती आणि गोल सहा झाले होते.

दोन स्ट्रायकरांचा काळ म्हणून जो गौरवला जातो, त्याचीही तपासणी करू. १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकात ३-५-२ आणि ४-४-२ यांचे राज्य होते. ५२ सामन्यांत ११५ गोल, म्हणजे सामन्याला सव्वादोनही नाहीत. विश्वचषकाच्या इतिहासात इतकी कमी सरासरी कधीच नव्हती. २०२२ च्या कतारमध्ये बहुतेक संघ पुढे एकच मध्यवर्ती स्ट्रायकर ठेवून खेळले आणि ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. एका स्ट्रायकरने गोल वाढवले, असा दावा मी यावरून करत नाही. नियम, पंचगिरी, तंदुरुस्ती अशी अनेक कारणे असतात. पण दोन स्ट्रायकर म्हणजे जास्त गोल, हे समीकरण मात्र टिकत नाही.

धिप्पाडपणाचा भ्रम

या मताचे पाठीराखे १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या जर्नेलसिंगचे उदाहरण देतात. डोक्याला जखम झालेल्या या बलदंड स्टॉपरला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी पुढे खेळवले. त्याने उपांत्य आणि अंतिम दोन्ही सामन्यांत गोल केले आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण जिंकले. उदाहरण खरे आहे, पण अर्धे. जर्नेलच्या आजूबाजूला पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम होते. त्या त्रिकुटाशिवाय नुसता बलदंड माणूस पुढे उभा केला असता तर रहीमसाहेबांचा तो डाव आज कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

याच्या नेमका उलट पुरावा घाट उतरला की सापडतो. एफसी गोवाच्या फेरान कोरोमिनास, म्हणजे आपल्या ‘कोरो’ने, २०१७-१८ पासून तीन मोसमांत इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) ४८ गोल केले. पहिल्या मोसमात १८, दुसऱ्यात १६, दोन्ही वेळा सर्वाधिक. त्या पहिल्या मोसमात त्याने फातोर्ड्यात लागोपाठच्या दोन सामन्यांत हॅटट्रिक केली: बेंगळुरूविरुद्ध ४-३ आणि केरला ब्लास्टर्सविरुद्ध ५-२. हा काही आडदांड सेंटर फॉरवर्ड नव्हता. मध्यम उंचीचा, एस्पान्योलमध्ये बराच काळ कडेने खेळलेला माणूस. सर्जिओ लोबेरा यांनी त्याला सर्वांत पुढे एकटा ठेवला, पण एकटा पडू दिला नाही. मागे मानुएल लांझारोते होता, ज्याने त्याच मोसमात स्वतः १३ गोल केले. पुढे ह्यूगो बूमू, ब्रँडन फर्नांडिस आले. डाव्या बाजूने गोव्याचाच मंदार राव देसाई सतत वर यायचा. चेंडू गोलरक्षकापासून जमिनीवरून वर सरकायचा, आणि त्याच्याबरोबर सारा संघ सरकायचा. कोरोला पास मिळायचा तेव्हा शेजारी देवाणघेवाणीला माणूस असायचाच.

त्याच मोसमात कर्नाटकाच्या संघातही हे घडत होते. आल्बर्ट रोका यांच्या बेंगळुरूत पुढे मिकू हा एकच मध्यवर्ती स्ट्रायकर होता आणि छेत्री बहुधा डाव्या कडेने खेळायचा. मिकूचे १५ गोल, छेत्रीचे १४. स्ट्रायकर एकच होता, पण गोल करणारे दोन होते. ज्या गोवा-बेंगळुरूकडे इथली मुले डोळे लावून असतात, त्या दोन्ही ठिकाणी एका स्ट्रायकरची मांडणी लीगमधली सर्वांत आक्रमक ठरली, आणि तरी आपण तिला भित्री म्हणतो.

गोलांच्या तराजूचा दोष

तिसऱ्या अंगाला उत्तर फ्रान्सने दिले आहे. २०१८ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात दिदिए देशाँ यांनी सुरुवातीला ऑलिव्हिए जिरूला बाहेर ठेवून वेगवान तिघांना पुढे खेळवले. फ्रान्स कसाबसा २-१ जिंकला. त्यानंतर जिरू संघात आला तो अंतिम सामन्यापर्यंत टिकला. त्या स्पर्धेत जिरूचा एकही गोल नाही. गोलच्या चौकटीत गेलेला एकही फटका नाही. फ्रान्स विश्वविजेता, एकूण १४ गोल; त्यांतले चार एम्बापेचे, चार ग्रीझमनचे. जिरू दोन स्टॉपरना गुंतवून ठेवत होता, उंच चेंडू उतरवून देत होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा पडत होती. हाच जिरू पुढे फ्रान्ससाठी ५७ गोल करून त्या देशाचा तोवरचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. शून्य गोल पाहून देशाँ यांनी त्याला बसवले असते, तर आपल्याकडच्या बहुतेक पंचकमिट्यांनी त्यांची पाठ थोपटली असती.

मंडन: मोजायचे ते अंतर

आता माझे म्हणणे सरळ मांडतो. स्ट्रायकर एकटा पडतो तो त्याच्या ओळीत दुसरा नसल्यामुळे नाही, त्याच्या मागची ओळ दूर असल्यामुळे. फॉर्मेशनचा आकडा उभ्या माणसांची गणती करतो. गोल होतो तो धावत्या माणसांमधल्या अंतरावर.

हिशेब मांडून पाहू. मैदान १०५ मीटर धरू. आपला बचाव स्वतःच्या डीच्या रेषेवर, म्हणजे गोलपासून साडेसोळा मीटरवर उभा आहे. मधली फळी त्याच्यापुढे आठ मीटरवर. स्ट्रायकर मध्यरेषेवर, साडेबावन्न मीटरवर. म्हणजे मधली फळी आणि स्ट्रायकर यांत २८ मीटर. मागून लांब चेंडू आला, स्ट्रायकरने छातीवर घेतला. सर्वांत जवळचा साथीदार सेकंदाला सात मीटर पळाला तरी त्याला पोचायला चार सेकंद लागतात. गोलकडे पाठ, अंगावर दोन स्टॉपर, अशा अवस्थेत चार सेकंद चेंडू राखणे हे जगातल्या मोजक्याच स्ट्रायकरांचे काम आहे. आता बचाव १५ मीटर वर आणा, मधली फळी त्याच्याबरोबर येऊ द्या. अंतर १३ मीटर होते, आणि साथ दोन सेकंदांच्या आत पोचते. आपल्या तालुक्यातले कुठलेही चांगले पोर दोन सेकंद चेंडू राखू शकते.

यात दुसरा स्ट्रायकर घालून काय होईल? तो मधल्या फळीतून काढावा लागेल. मधली फळी आणखी पातळ होईल आणि समोर तिघे असतील तर दोघांनी तिथे पळून दमायचे. दोर तोकडा असेल तर विहिरीत दोन कळश्या सोडूनही पाणी लागत नाही.

म्हणून एकट्या स्ट्रायकरकडून उत्तम काम घ्यायचे असेल तर चार गोष्टी कराव्या लागतात.

पहिली, बचावाची रेषा चेंडूबरोबर वर आली पाहिजे. आपल्याकडचे स्टॉपर चेंडू मारून जागेवर उभे राहतात. चेंडू पुढे गेला की मागच्यांनी दहा-पंधरा पावले पुढे यायचे, ही सवय कोणत्याही फॉर्मेशनपेक्षा मोठी आहे.

दुसरी, तिसरा माणूस. स्ट्रायकरकडे पास गेला की पास देणारा आणि स्ट्रायकर हे दोघे सर्वांना दिसतात. खेळ फोडतो तो तिसरा, जो पास निघतानाच स्ट्रायकरच्या पलीकडे धावायला लागतो. स्ट्रायकरने चेंडू एका टचमध्ये जवळच्याला टेकवायचा आणि त्याने तो तिसऱ्याच्या पुढ्यात सोडायचा. दोन स्टॉपर पाठमोऱ्या स्ट्रायकरकडे बघत असतात तोवर तिसरा त्यांच्या मागे पोचलेला असतो.

तिसरी, डी भरणे. चेंडू उजव्या कडेला असेल तर डाव्या विंगरने लांबच्या खांबाशी पोचलेच पाहिजे आणि मधल्या फळीतल्या एकाने पेनल्टीच्या ठिपक्याशी. स्ट्रायकर जवळच्या खांबाकडे झेपावतो, त्याच्यामागे एक स्टॉपर ओढला जातो. असे तिघे पोचले तर एका स्ट्रायकरची मांडणी त्या क्षणी तीन स्ट्रायकरांची होते. कडेचा खेळाडू क्रॉस बघत उभा राहिला तर दोष त्याचा. शिव्या मात्र स्ट्रायकर खातो.

चौथी, पळापळ वाचवणे. समोरचे दोन स्टॉपर आणि गोलरक्षक यांच्यामागे एकट्याने सरळ पळायचे म्हणजे तिघांच्या पासिंगमध्ये दमायचे. त्याने वाकडी धाव घेऊन एका स्टॉपरला दुसऱ्यापासून तोडावे, चेंडू एकाच बाजूला ढकलायला भाग पाडावे, आणि त्या बाजूला बाकीच्यांनी झडप घालावी. बाकीचे येणार नसतील तर त्याने धावूच नये.

तीन शंका

पहिली शंका मैदानांची. हे फातोर्ड्याच्या हिरवळीवर ठीक. बेळगावच्या तांबड्या मातीवर, पावसाळ्यानंतरच्या खाचखळग्यांत चेंडू उसळतो, तिथे उचलून मारणेच शहाणपणाचे. ही अडचण खरी आहे. पण उसळत्या मैदानावर लांबचा पास आणखी बेभरवशाचा होतो, आणि उंच चेंडू उतरला की तो नेमका कुठे पडेल हे कुणालाच सांगता येत नाही. तो पडलेला चेंडू जवळ उभ्या असलेल्या संघाला मिळतो. म्हणून मैदान वाईट असेल तर अंतर आणखी कमी हवे. उंच मारा, हरकत नाही, पण मारण्याआधी माणसे वर आणा.

दुसरी शंका बलाढ्य संघांची. ते आपल्याला मागे दाबतात, तेव्हा वर यायचे कसे? दर वेळी येता येणार नाही. कतारमध्ये भारतालाही आले नाही. पण तिथे दुसरा स्ट्रायकर अधिकच महाग पडतो, कारण बचाव करायला एक माणूस कमी होतो. अशा सामन्यात मोजक्या पाच-सहा संधींना तरी दोन विंगरनी जीव तोडून पुढे जायचे, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

तिसरी शंका मला सर्वांत वजनदार वाटते. एकच जागा असेल तर मोठे क्लब तिथे परदेशी माणूस आणतात आणि आपल्या पोरांना संधी उरत नाही. अनिकेत जाधवसुद्धा पुढे आयएसएलमध्ये बहुतांशी कडेनेच खेळताना दिसला. हे दुखणे खरे आहे, पण त्याचे मूळ निवडीत आहे. आपण लहानपणापासून धिप्पाड मुलगा पुढे आणि चपळ मुलगा कडेला, अशी वाटणी करतो. पाठमोरा चेंडू घेणे, एका टचमध्ये टेकवणे, स्टॉपरच्या नजरेआडून सुटणे हे चपळ मुलाला आपण शिकवतच नाही. मग मोठ्या क्लबला त्या जागी तयार भारतीय मिळेल कसा? दोन स्ट्रायकर खेळवूनही ही विद्या शिकवल्याशिवाय येणार नाही.

सरावात काय बदलावे

पिरनवाडी, मच्छे, उद्यमबागेच्या आसपास जी मुले संध्याकाळी अर्ध्या मैदानावर सात-सात जण खेळतात, त्यांच्या प्रशिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. तीन नियम लावा. संघाचे तीन खेळाडू समोरच्या डीमध्ये असतील तरच गोल मोजा. स्ट्रायकरला दोनच टच द्या. आणि गोल होताना मागचा शेवटचा खेळाडू मध्यरेषेपलीकडे आला नसेल तर तो गोल रद्द करा. पहिले काही दिवस गोलच होणार नाहीत आणि मुले कुरकुरतील. मग ती आपोआप वर यायला लागतील, कारण दुसरा मार्ग उरलेला नसेल.

सामन्यात गोल होत नसेल तेव्हा बाहेरून आधी स्ट्रायकरकडे पाहू नका. चेंडू त्याच्या पायाशी आला त्या क्षणी त्याच्या सर्वांत जवळचा आपला माणूस किती पावलांवर आहे, ते मोजा. तीस पावले भरली, तर बदली त्या पोराची करायची नाही. मागच्या सहा-सात जणांना वर यायला सांगायचे. पावले दहा-बारा भरली आणि तरीही गोल होत नसेल, तर खुशाल दुसरा स्ट्रायकर आणा. तेव्हा तुमच्या म्हणण्याला आधार असेल. आज आपण मोजल्याशिवायच निकाल देतो, आणि त्याची किंमत पुढे उभा असलेला मुलगा चुकवतो.